रंभाबाईनं पास केलेली भट्टी

भिलाईच्या हुडको वसाहतीत बेसनाची तळलेली ठेठरी म्हटली की रंभाबाईची, हे कुणाला सांगावं लागत नाही. आणि गंमत पाहा, ही बाई मुळात छत्तीसगढची नाहीच. भंडाऱ्याकडची, लाखांदूरजवळच्या कुणब्याच्या घरातली. माहेरी धान, सासरी धान. नवऱ्याच्या मागं भिलाईला आली तेव्हा ठेठरी-खुरमी कशाशी खातात हेही तिला ठाऊक नव्हतं. सेक्टर 2 च्या क्वार्टरमध्ये शेजारी मथुरा राहायची, तिनं शिकवलं. बेसन किती घट्ट मळायचं, ओवा किती, ठेठरीला पीळ कसा द्यायचा, खुरमीतला गूळ कधी विरघळवायचा. चार वर्षांत चेलीनं गुरूला मागं टाकलं आणि मथुरा स्वतःच हे चारचौघांत हसत हसत सांगते.

रंभाबाईचा नवरा केवलराम. भिलाईच्या पोलाद प्लांटच्या गॅस विभागात चौतीस वर्षं नोकरी. नऊ वर्षांमागं रिटायर झाला, क्वार्टर सुटलं, हुडकोत घर घेतलं. घरामागं टिनाचं शेड होतं. रंभाबाईनं तिथं भट्टी मागितली. सोनं नाही, साडी नाही, भट्टी. केवलरामनं सुपेल्याच्या बाजारातून भट्टीच्या विटा आणून स्वतःच्या हातानं बांधून दिली. कोळशाची भट्टी, खाली हातभर खोल राखेचा खड्डा, वर मोठी कढई, मागं धुराडं. रंभाबाई पाटावर बसायची, कढई तिच्या छातीशी यायची आणि बसल्या बसल्या दिवसाला दहा-दहा किलोचा घाणा काढायची. पोळा आणि तीजा, म्हणजे हरितालिका, जवळ आली की तर विचारायलाच नको. अर्ध्या हुडकोच्या लेकी माहेरी यायच्या आणि अर्ध्या हुडकोची ठेठरी या एका शेडमधून जायची.

क्वार्टरमध्ये तिला सगळे केवलरामची बायको म्हणायचे. हुडकोत केवलरामला लोक ठेठरीवाल्या रंभाबाईचा नवरा म्हणायला लागले. त्याला ते फारसं रुचायचं नाही. तिला मात्र फार आवडायचं, का नाही आवडणार? आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव आधी येत होतं.

मग खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. घाणा काढता काढता तिला झारा खाली ठेवून उठावं लागायचं, बाहेर पेरूच्या झाडाला धरून उभं राहावं लागायचं. लेक वंदना दुर्गला नर्स आहे. ती आईला ओढत डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं आणि साफ सांगितलं की कोळशाचा धूर आजच्या आज बंद करा, नाहीतर पुढच्या वर्षी जिना चढता येणार नाही.

वंदना घरी येऊन शेडच्या दारात उभी राहिली. ही मुलगी घरात मराठी बोलते, पण रागावली की हिंदीवर जाते.

"आई, अब बहुत हो गया. पोळ्याच्या आत भट्टी बंद. नाहीतर मी स्वतः लोखंडी सब्बल घेऊन येते आणि पाडते."

रंभाबाईला लेकीचं खोटंही म्हणता येईना आणि खरंही मानवेना. भट्टी गेली तर ती काय करणार? टीव्हीपुढं बसणार? तिनं दोन दिवस जेवणावरून हात काढला. तिसऱ्या दिवशी केवलराम म्हणाला की भट्टी पाडायची गरज काय, गॅसवर करू. कोळसा काढायचा, आत बर्नर बसवायचा. धूर नाही, राख नाही. चौतीस वर्षं ज्यानं माणूस उभा राहील एवढ्या पाइपातली गॅस सांभाळली, त्याला एक भट्टीचा बर्नर बसवणं म्हणजे काय? वंदना तयार झाली, पण अट तीच राहिली. पोळ्यापर्यंत जमलं तर भट्टी, नाहीतर सब्बल.

आता केवलराम कसा माणूस आहे ते सांगितलं पाहिजे. नाकावर माशी बसू देत नाही. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी घरात शर्टाला इस्त्री लागते. रात्री झोपण्याआधी घरच्या सिलिंडरचं बटण बंद करतो, पाणी पितो, परत जाऊन पाहतो. कुणी भट्टी पेटवताना आधी गॅस सोडून मग काडी ओढली तर त्याला तिथल्या तिथं फैलावर घेतो. आधी आग, मग गॅस, हे त्यानं आयुष्यभर पाळलं. त्यामुळं त्यानं काम हातात घेतलं तेव्हा रंभाबाई निश्चिंत झाली. या बाबतीत तिचा नवऱ्यावर डोळे झाकून विश्वास होता.

आणि काम केलंही त्यानं झोकात. धुराड्यातून तीन घमेली काजळी काढली. तडकलेल्या दोन विटा बदलल्या, सांधे मातीनं लिंपले. बर्नर चांगला आणला, ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणारा. सिलिंडर शेडच्या बाहेर, सावलीत, उभा, साखळीनं बांधलेला. तिथून भिंतीतून लोखंडी पाइप आत. नळी कोरी आणली, दोन्ही टोकांना क्लिप. दिव्याचं बटणही शेडमधून काढून बाहेरच्या भिंतीवर नेलं, कारण बटणाची ठिणगी पण ठिणगीच. छपराच्या टिनाखाली दोन बाजूंना मोठ्या जाळ्या काढल्या, गॅस सुटलीच तर वरून निघून जावी म्हणून. खालचं राखेचं दार मात्र विटा लावून बंद केलं आणि दाराखालची फटही लाकडाची पट्टी ठोकून बुजवली. खालून वारं आलं तर ज्योत हलते, हे त्याचं म्हणणं. आतला राखेचा खड्डा होता तसाच राहिला, बर्नर त्याच्यावर लोखंडी कड्यात बसला.

एजन्सीचा मेकॅनिक प्रफुल्ल सिलिंडर घेऊन आला होता. पोरगा सज्जन. काका, नवीन फिटिंग आहे, मला एकदा पाहू तर द्या, नियम आहे, असं तो गेटाशी उभा राहून दोनदा म्हणाला. केवलरामनं त्याला गेटाच्या आत येऊ दिलं नाही. तुह्या वयापेक्षा माही सर्विस जास्त हाये, असं म्हणून कागदावर सही केली आणि वाटेला लावलं. रंभाबाईला ते बरं वाटलं नाही. पण नवऱ्याच्या गॅसच्या कामात तोंड घालायची तिला सवय नव्हती.

पोळ्याला चार दिवस उरले होते. रविवारी सकाळी दहाला भट्टी पेटवायची ठरली. वंदना दुर्गहून आली. मथुरा नारळ घेऊन आली. केवलराम इस्त्रीच्या सुती कपड्यांत, पायात बूट, हातात लोखंडी सळईला चिंधी गुंडाळलेली मशाल. त्यानं बाहेर जाऊन सिलिंडर उघडला, सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावून दाखवला, कुठं बुडबुडा नाही. मग दारात उभा राहून सगळ्यांना समजावून सांगू लागला की गॅस काय चीज असते. हे भाषण पाव तास चाललं. मथुरा नारळ या हातातून त्या हातात घेत होती.

रंभाबाईला कुठला धीर. ती आत गेली, पाट ओढला आणि आपल्या जागी बसली. कढई सरळ करावी, झारा जागेवर ठेवावा. आणि तिच्या नाकात तो वास शिरला. सडक्या लसणासारखा.

आधी तिला वाटलं, बेसनात हिंग जास्त झाला. उठून परातीपाशी गेली. वास नाही. परत बसली. आहे. वाकून बंद केलेल्या राखेच्या दाराशी नाक नेलं. गॅसच.

खोटं कशाला सांगा, एक क्षण तिला वाटलं, गप्प बसावं. बाहेर लेक उभी होती. गॅस गळते म्हटलं की वंदना ऐकून घेणार नव्हती, भट्टी आजच्या आज जमीनदोस्त. आणि नवरा, ज्याला या एका कामात कुणी कधी चूक म्हटलं नव्हतं, त्याचा पाणउतारा मथुरापुढं. थोडासाच वास आहे, पेटल्यावर जाईल, असं ती मनाशी म्हणाली आणि म्हणता म्हणता तिला स्वतःचीच लाज वाटली. दारात तिची लेक उभी होती. केवलरामनं खिशातून माचिस काढली.

"माचिस ठेवा खिशात," रंभाबाई म्हणाली. "गॅस येऊन राहिली."

केवलरामनं दारातूनच हुंगलं. "काई नाई. चौतीस साल काढले मी गॅसमंदी. मले नाई येऊन राहिला वास, तुले कसा आला?"

"तुमी उभे हा. माहं काम बसून हाये. इथं येऊन बसा, मंग सांगा."

केवलरामचा चेहरा लाल झाला. पण गॅसवाला माणूस, शंका आली की हात आपोआप चालतो. आधी बाहेर जाऊन सिलिंडर बंद केला, माचिस आणि मशाल पोरीच्या हातात देऊन तिला पार गेटाकडं पाठवलं आणि मग आत येऊन पाटावर बसला. नऊ वर्षांत तो त्या पाटावर कधी बसला नव्हता. भट्टी त्यानं बांधली होती, पण उभ्यानं. बसला, श्वास घेतला आणि त्याचा लाल चेहरा पांढरा पडला.

त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. कुणी बटण दाबायचं नाही, पंखा लावायचा नाही, असं हळू आवाजात सांगितलं. राखेच्या दाराच्या विटा हातानं काढल्या, दाराखालची पट्टी उखडली. रंभाबाईनं सूप घेतलं आणि तोंडाला पदर बांधून धान पाखडावं तसं खालून वारं घालत राहिली. अर्ध्या तासानं वास गेला. तोवर केवलराम पेरूच्या झाडाखाली जाऊन बसला होता. मान खाली.

वंदना गेटाकडून धावत परत आली. नर्स ती, जळालेली माणसं तिनं पाहिलेली. ती म्हणाली की बस झालं, आता मी कुणाचं ऐकणार नाही, मजूर बोलावते. रंभाबाई शेडच्या दारात आडवी उभी राहिली. ती हटली नाही. तिनं लेकीला एवढंच विचारलं की भट्टीचं काय चुकलं? भट्टीनं तर वासानं सांगितलं, ओरडून सांगितलं. भट्टी पाडायची की चूक काढायची?

 तेवढ्यात केवलराम उठून आला.

"चूक माही हाये," तो म्हणाला. "प्लांटची गॅस हलकी, वर जाते. आमी जनमभर छप्पर उघडं ठेवलं. सिलिंडरची गॅस जड, खाली बसते. मी वरतं जाळ्या केल्या अन् खालचं सगळं बंद केलं. उलटं करून ठेवलं." त्यानं आपले हात उलटसुलट करून पाहिले. "प्रमोशनच्या पेपरात हाच सवाल होता. बरोबर लिवलो होतो मी. डोक्याले माहीत होतं, हाताले नाई."

मथुरानं पदर तोंडाला लावला. रंभाबाईच्या डोळ्यात पाणी आलं. हा माणूस चुकलो म्हणतोय, हे तिनं लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं होतं. त्याची चूक ऐकून तिला अजिबात आनंद झाला नाही. उलट तिला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण लेक आणि मथुरा समोर होत्या, म्हणून तिनं त्याला पाण्याचा लोटा दिला.

पाणी पिऊन केवलरामनं स्कूटर काढली आणि गेला तो थेट एजन्सीत. ज्या पोराला गेटाशी अडवलं होतं त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, चल बाबू, माही चूक झाली, तू पाह. प्रफुल्ल बिचारा गडबडून गेला. दुपारची भाकर अर्धी टाकून मागं बसून आला.

मग तीन दिवस त्या शेडमध्ये नुसती धांदल. राखेचा खड्डा रेतीनं आणि विटांनी ठासून भरला आणि वरून सिमेंट केलं, दाराकडं उतार देऊन. समोरासमोरच्या भिंतींना अगदी जमिनीला लागून दोन झरोके फोडले, उंदीर येऊ नये म्हणून जाळी लावली. वरच्या जाळ्या राहू दिल्या, गरम हवा जायला त्या लागतातच. सिलिंडर ज्या बाजूला होता तिथून चार हातांवर नाली होती. गॅस सुटली तर नालीत उतरून बसेल म्हणून तोही दुसऱ्या बाजूला गेला. गळती कुठं होती? बर्नरला गॅस सोडणाऱ्या कॉकच्या अलीकडच्या सांध्याला, तळाच्या बाजूनं. वरून फेस लावला तर दिसणार कसा? प्रफुल्ल जमिनीवर आडवा झाला, वंदनाच्या पर्समधला छोटा आरसा खाली धरला आणि त्याच्यात हरभऱ्याएवढा एक बुडबुडा फुगताना सगळ्यांनी पाहिला. सांधा उघडून नवा बसवला. गॅस कळल्यावर ओरडणारं छोटं यंत्र त्यानं जमिनीपासून वीतभर उंचीवर ठोकलं आणि केवलरामला म्हणाला, काका, बाकी काम तुमचं एक नंबर आहे. केवलरामनं पोराला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी परत सगळे जमले. या वेळी भाषण झालं नाही. सिलिंडर उघडला आणि केवलराम मशाल न पेटवता बाहेर थांबला. प्रफुल्ल थांबला, वंदना थांबली. आत एकटी रंभाबाई पाटावर बसली. तिनं घाई केली नाही. उजवीकडं वाकली, डावीकडं वाकली, बर्नरखाली नाक नेलं, झरोक्यापाशी नेलं. बेसनाचा वास, ओल्या सिमेंटचा वास, नव्या रबराचा वास. बाहेर चार माणसं तिच्या तोंडाकडं बघत उभी होती आणि तिला मनातून मोठी मजा वाटत होती. पाच मिनिटं पूर्ण झाल्यावर ती उठून बाजूला झाली आणि म्हणाली, लावा.

आधी मशाल गेली, मग केवलरामनं कॉक हळूच फिरवला. भक् असा छोटासा आवाज झाला आणि कढईखाली ज्योतींचं कडं उभं राहिलं. टोकं पिवळी होती. त्यानं हवेची चकती जराशी फिरवली आणि कडं निळं झालं, स्वच्छ निळं. मथुरानं नारळ फोडला. रंभाबाईनं कढईत तेल ओतलं, तापू दिलं आणि पहिल्या सात ठेठऱ्या सोडल्या. तेलात त्या फुलून वर आल्या. ती वाट पाहत होती, आता खोकला येईल, आता येईल. आला नाही. दुसरा घाणा झाला, तिसरा झाला, आला नाही. धुराड्यातून निघाली ती नुसती गरम हवा. वंदनानं एक ठेठरी मोडून तोंडात टाकली आणि आईशेजारी जमिनीवर बसून पीळ द्यायला लागली, तेही वाकडेतिकडे.

त्या दिवशी आणि पोळ्याच्या सकाळपर्यंत रंभाबाईनं छत्तीस किलो माल काढला. गेल्या वर्षीपेक्षा दहा किलो जास्त. एकदाही पेरूच्या झाडाला धरून उभं राहावं लागलं नाही. अंगात अशी काही वीज आली होती की मथुरा म्हणाली, बाई, तू पोळ्याचा बैल झालीस, थांब की जरा.

पोळ्याच्या दुपारी भैयालाल आला. प्लांटमध्ये केवलरामच्या बरोबरीचा, पुढच्या गल्लीत राहतो, घरामागं कोळशाच्या भट्टीवर जिलेबी काढतो. त्यानं निळी ज्योत बघितली, खाली वाकून, वर बघून, सगळं न्याहाळलं. मग अंगणात येऊन केवलरामच्या पाठीवर थाप मारली. वाह रे उस्ताद, तू केलं म्हणजे पाहायचं कामच नाही, माही बी करून दे, असं त्याचं सुरू झालं. अंगणात आणखी दहा-बारा माणसं ठेठरी घ्यायला उभी होती. केवलरामनं नुसतं हसून मान डोलावली असती तरी चाललं असतं. कुणाला काय माहीत होतं?

रंभाबाई आत झारा धरून बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"फिटिंग माही हाये," केवलराम मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पण मी लावली असती ना भट्टी, तर तू माह्या तेरवीचं जेवला असता. माही चूक रंभानं पकडली. पास तिनं केली. तुही बी करून देतो, पण आधी रंभा तिथं बसन, वास घेईन, हो म्हणन. तिनं हो म्हटल्याबिगर मी माचिस काढत नाई."

रंभाबाईनं झारा मथुराच्या हातात दिला. तिचा ऊर असा भरून आला होता की दोन मिनिटं तिला नीट दिसेना. भट्टी राहिली होती, छाती मोकळी झाली होती आणि अख्ख्या अंगणापुढं तिच्या नवऱ्यानं, त्या इस्त्रीवाल्या माणसानं, आपल्या चौतीस वर्षांच्या वर तिचं नाव ठेवलं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं, केस सारखे केले आणि बाहेर आली. भैयालाल तिच्याकडं बघत होता, जरा बिचकूनच.

"सोमवारी येऊ आमी," रंभाबाई म्हणाली. "तवर राखेचा खड्डा भरून ठेवजा, भाऊ."